समुद्र रामेश्वरमचा, बाटली जालन्याची, मलई कुणाची?

पोस्ट मोठी आहे. रब्बीचं खत घ्यायला दुकानात जाण्याआधी वाचा, एवढीच विनंती. हरभरा पेरून झाला असेल तर पुढच्या खरिपासाठी जपून ठेवा, कारण हा प्रकार दर हंगामात होतो.

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. खाली गोदावरी, मध्ये दुधना, वर पूर्णा आणि उन्हाळ्यात टँकर, हे आपलं पाणी. मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटर. आपल्याकडं शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवरचं, पाय घसरवणारं. तरीही भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, काउंटरमागच्या फळीवर समुद्र ओळीनं मांडून ठेवलेला दिसेल. निळ्या लाटांचं चित्र, हिरवं झाकण आणि वर लिहिलेलं 'समुद्री शेवाळ अर्क', नाहीतर नुसतं 'सी-वीड'. कपाशीची पातेगळ थांबवतो, सोयाबीनला फुलं वाढवतो, मोसंबीची फळगळ रोखतो. एकाच बाटलीत सगळी औषधं.

ही बाटली बहुतेक शेतकरी मागत नाहीत. त्यांच्या गळ्यात ती मारली जाते.

कशी, ते ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीची किंमत १३५० रुपये. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे. या किमतीला सरकारचं अनुदान आहे, म्हणून त्या ठरलेल्या आहेत. पेरणीच्या आठ दिवसांत गोणीसाठी रांग लागते तेव्हा दुकानदार सांगतो, 'डीएपी आहे, पण सोबत हे घ्यावं लागेल.' हे म्हणजे शेवाळाची बाटली, नाहीतर ह्युमिकचा डबा, नाहीतर सल्फरची पिशवी. याला आपण सगळे 'लिंकिंग' म्हणतो. शब्द इंग्रजी असला तरी अर्थ गावातल्या पोरासोरांना पाठ आहे.

हिशोब मांडू. समजा पाच गोण्या डीएपी घेतलं. ६७५० रुपये झाले. सोबत सहाशेच्या दोन बाटल्या, म्हणजे १२०० रुपये. सरकारनं खताचा भाव एक रुपयानं वाढवला नाही, आणि तुमचं खत जवळजवळ १८ टक्क्यांनी महाग झालं. विधानसभेत यावर चर्चा होणार नाही, कारण कागदावर भाव वाढलेलाच नाही. गोणीसाठी पॉस मशीनवर अंगठा लागतो, तिची नोंद थेट दिल्लीपर्यंत जाते. बाटलीला अंगठा लागत नाही. ती वेगळ्या कागदावर लिहिली जाते, किंवा लिहिलीच जात नाही.

मंठा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी मी अशा न फोडलेल्या बाटल्या पाहिल्या. ओसरीवर कोपऱ्यात, दोन हंगामांच्या साठलेल्या. म्हटलं, 'वापरत का नाही?' तर म्हणाला, 'फेकवत नाही अन् फवारवत नाही. पैसे दिले म्हणून फेकवत नाही, अन् काय आहे ते माहीत नाही म्हणून फवारवत नाही.' सगळ्या धंद्याची समीक्षा त्या माणसानं एका वाक्यात केली.

आता माझा मुद्दा नीट ऐका, कारण पुढं यावरून भांडण होणार आहे. समुद्री शेवाळ थोतांड आहे, असं मी म्हणत नाही. उलट ते फार कामाचं आहे, आणि म्हणूनच राग येतो. चांगली वस्तू वाईट पद्धतीनं विकली की तिच्यावरचा विश्वास आधी मरतो.

वस्तू काय आहे ते पाहू. भावनगरला केंद्र सरकारची मीठ आणि सागरी रसायनांवर काम करणारी संशोधन संस्था आहे. कप्पाफायकस नावाचं मूळचं फिलिपिन्सकडचं तांबडं शेवाळ या संस्थेनं १९८४ मध्ये जपानमार्गे भारतात आणलं आणि इथल्या समुद्रात वाढवून दाखवलं. बांबूचा चौकोनी तराफा, त्यावर दोऱ्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे. दीड महिन्यात ते साधारण चौपट होतं. खत नाही, पाणी द्यायचं नाही, जमीन लागत नाही. याच संस्थेनं पुढं ताजं शेवाळ वाटून, गाळून त्याचा रस काढायची पद्धत बसवली. रस पिकाला फवारायला, आणि उरलेल्या चोथ्यातून कॅरागीनन, जे आइस्क्रीम आणि टूथपेस्टला घट्टपणा देतं. एका वस्तूतून दोन उत्पन्नं. उसाचा रस आणि चिपाड दोन्ही विकलं गेल्यासारखं.

त्या रसात पोटॅश असतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात, झाडाची वाढ हलवणारी नैसर्गिक संजीवकं असतात. खताची जागा तो घेत नाही. पाण्याचा ताण पडला, ऊन चढलं, तर झाडाला तग धरायला मदत करतो. कोरडवाहू सोयाबीनवरचा या रसाचा एक प्रयोग २००९ साली छापून आला. १५ टक्के रसाच्या फवारणीनं उत्पादन न फवारलेल्या प्लॉटपेक्षा ५७ टक्के वाढलं. तो एका प्रयोगाचा आकडा आहे, आपल्या काळ्या रानात तोच येईल असं कुणी धरून चालू नये. पण आकडा खोटा नाही.

आता त्यातला '१५ टक्के' हा शब्द पकडा. १५ लिटरच्या पंपात १५ टक्के म्हणजे सव्वादोन लिटर रस. आपल्या दुकानात काय सांगतात? 'पंपाला चाळीस मिली टाका.' पन्नासपटीहून जास्त फरक झाला. कंपनी म्हणेल, आमचा अर्क घट्ट केलेला आहे. असेल. मग किती पट घट्ट, ते बाटलीवर लिहा. कोणतं शेवाळ, तेही लिहा. कारण जगात या धंद्यात ॲस्कोफायलम नावाचं तपकिरी शेवाळ खूप चालतं, आणि ते उगवतं नॉर्वे, आयर्लंड, कॅनडाच्या थंड किनाऱ्यांवर. आपल्या समुद्रात ते नाही. तांबडं की तपकिरी, देशी की परदेशी, अर्क किती आणि पाणी किती, हे न सांगता 'समुद्राची शक्ती' म्हणून विकणं, म्हणजे गाईचं का म्हशीचं का पावडरचं ते न सांगता 'दूध' म्हणून विकणं. आपण दूधवाल्याला हे विचारतो. इथं का विचारत नाही? इथं सोबत डीएपी असतं म्हणून. गरज माणसाचं तोंड बंद करते.

हे झालं बाटलीचं आपल्याकडचं टोक. दुसरं टोक जालन्यापासून हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे, आणि तिथल्या बायांना जालना कुठं आहे हे माहीत असायचं कारण नाही.

तमिळनाडूचा रामनाथपुरम जिल्हा. रामेश्वरमला गेलात तर पांबनचा पूल लागतो, त्याच्या आसपासची मच्छीमार गावं. आपल्याकडचे लोक ट्रॅव्हल्स करून रामेश्वरम करून येतात, बावीस तीर्थांचं पाणी डोक्यावर घेतात. त्याच किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या बाया समुद्रात बुडी मारून शेवाळ काढतात. साडीवर पुरुषाचा शर्ट, डोळ्यांना चष्मा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. प्रवाळाच्या धारेनं हात कापतात म्हणून चिंध्या. ऑक्सिजनची टाकी नाही. श्वास रोखायचा, खाली जायचं, खडकाला चिकटलेलं शेवाळ हातानं खुडायचं आणि वर यायचं. मग पुन्हा खाली. दिवसभर. दुसऱ्या बाया तराफ्यांवर कप्पाफायकस वाढवतात, कंबरभर पाण्यात तासन् तास उभ्या राहून दोऱ्या बांधतात.

दहा किलो ओलं शेवाळ वाळवलं की जेमतेम किलोभर सुकं उरतं. त्या सुक्या किलोला त्यांना मिळालेला भाव आजवर बहुतेक दोन आकडी रुपयांतच राहिला. भाव त्या ठरवत नाहीत. व्यापारी ठरवतो, कारण उचल त्याच्याकडून घेतलेली असते. कापसाच्या खेडा खरेदीत हेच होतं, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. ज्या बेटांभोवती हे शेवाळ वाढतं ती २१ बेटं १९८६ साली मन्नारच्या आखाताचं सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. म्हणजे आजी जिथं जात होती तिथं नात गेली की तो गुन्हा. वनखात्याशी त्यांचे खटके वर्षानुवर्षं चालू आहेत. पण या बाया नुसत्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी स्वतः नियम केला की महिन्यातून १२ दिवसच शेवाळ काढायचं, म्हणजे ते पुन्हा वाढेल. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती या बाईंना २०१५ साली अमेरिकेतल्या सीकॉलॉजी या संस्थेचा पर्यावरण पुरस्कार मिळाला. शाळा धड न झालेल्या बायांनी समुद्र टिकवायचा कायदा केला आणि पाळला. इकडं बाटलीवर पुरतं लेबल लावायला शिकलेल्या माणसांना पाच-सात वर्षं लागतात.

म्हणजे साखळी अशी झाली. एका टोकाला बाई. तिला विचारून भाव ठरत नाही. दुसऱ्या टोकाला शेतकरी. त्याला विचारून वस्तू दिली जात नाही. एकीला विकायचा पर्याय नाही, दुसऱ्याला नाकारायचा पर्याय नाही. दोघांच्या मधल्या हजार किलोमीटरमध्ये जे कुणी आहेत, त्यांना सगळे पर्याय आहेत. मी जिल्ह्यातल्या दुकानांत पाहिलेल्या बाटल्या लिटरला पाचशेपासून हजार-बाराशेपर्यंत होत्या. बाटलीत बहुतांश पाणी असतं. प्रक्रिया, चाचणी, वाहतूक, कमिशन हे खर्च खरे आहेत, ते मी नाकारत नाही. पण ते मान्य करूनही मधली मलई किती, हे विचारायला हवं.

जालनेकरांना हे चटकन कळायला हवं, कारण ही साखळी आपण आपल्या अंगणात पाहिली आहे. 'जालना, सोने का पालना' म्हणतात ते बियाण्यांमुळंही म्हणता येईल. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं बियाणं कंपनी उभी केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या पाठोपाठ बियाण्यांचा मोठा धंदा इथं आणि शेजारच्या देऊळगाव राजात वाढला. अभिमान आहेच. पण शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोच्या एकेका फुलावर हातानं परागकण लावणारी बाई रोजंदारीवर असते. बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याचा माल चाचणीत बसला नाही तर भाव गेला. आणि तेच बियाणं दहा ग्रॅमच्या पाकिटात बसून परत दुकानात आलं की त्याची किंमत बघून तोच शेतकरी डोळे मोठे करतो. शेवाळाच्या बाईचं आणि आपल्या शेडनेटमधल्या बाईचं दुखणं एकच. कष्टाची किंमत किलोवर, आणि विक्रीची किंमत ग्रॅम अन् मिलीवर.

आता कायद्याकडं येऊ, कारण 'सरकार काय करतंय' हा प्रश्न तुम्ही विचारणारच.

शेवाळाचे अर्क, ह्युमिक, अमिनो वगैरे वर्षानुवर्षं कायद्याच्या फटीत विकले गेले. खत नाही म्हणून खताचा कायदा नाही, औषध नाही म्हणून कीटकनाशकाचा नाही. २३ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून त्यांना 'जैव उत्तेजक' म्हणून कायद्याखाली आणलं. शेवाळाचा अर्क त्यात आला. उत्पादनाची शेतावर चाचणी झाली पाहिजे, विषारीपणाची तपासणी झाली पाहिजे, कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर नको, असे नियम झाले. कागद चांगला होता. पण तोवर ज्यांचा माल बाजारात होता त्यांना तात्पुरती परवानगी दिली, आणि त्या तात्पुरत्या परवानगीला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. ती शेवटी १६ जून २०२५ ला संपली.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतः आकडे सांगितले. कित्येक वर्षं सुमारे ३०,००० जैव उत्तेजक उत्पादनं कुठल्याही तपासणीविना विकली जात होती. नंतरही सुमारे ८,००० फिरत राहिली. कडक तपासणी लावल्यावर उरली सुमारे ६५०. याच महिन्यात त्यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं की अनुदानित खतासोबत जबरदस्तीनं दुसऱ्या वस्तू देणं थांबवा.

हे आकडे परत वाचा. तीस हजारांतून साडेसहाशे. म्हणजे शंभरातली दोन उत्पादनं चाळणीवर राहिली. बाकीची अठ्ठ्याण्णव आपण फवारली, पैसे देऊन फवारली, उधारीवर फवारली. त्या पैशाची जबाबदारी कुणाची? एकाही शेतकऱ्याला एक रुपया परत मिळाल्याचं ऐकलंय का तुम्ही? मंत्री आकडा सांगतात, टाळ्या होतात. पण आकडा शेतकऱ्याच्या खिशातून गेलेला होता, हे कुणी बोलत नाही.

आणि लिंकिंग? ते बेकायदेशीर आहे, हे दुकानदाराला माहीत आहे, गुण नियंत्रण निरीक्षकाला माहीत आहे, कंपनीच्या प्रतिनिधीला माहीत आहे. दर वर्षी जूनच्या तोंडावर 'लिंकिंग केल्यास परवाना रद्द' अशी बातमी येते. मीही ती छापलेली आहे, ते काम माझं. पण परवाना रद्द झाला तर गावातल्या दुकानदाराचा होतो. गाडीभर डीएपीसोबत पेट्याच्या पेट्या त्याच्या गोदामात उतरवणारा सुटतो. विक्रेत्यांच्या संघटनाच सांगत आल्या आहेत की लिंकिंग वरून येतं, आम्हाला घ्यावं लागतं म्हणून आम्ही पुढं ढकलतो. ते खरं आहे असं माझं मत आहे. तरीही दुकानदार मित्रांना एक सांगतो, तुम्हाला वरून ढकलतात म्हणून खाली ढकलायचा हक्क मिळत नाही. शेतकऱ्यासोबत उभं राहून वर बोट दाखवा, आम्ही बातमी करू.

कंपन्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. एक नाव लिहिलं की बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटतं.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपली सोयाबीन पाण्यात उभी राहिली, कपाशी पिवळी पडली. त्या आठवड्यात 'मुळी चालू करतो, झाडाला उभारी देतो' म्हणत कोण कोण वाड्या-वस्त्यांवर फिरत होतं, आठवा. मुळी सडलेल्या झाडाला शेवाळ उठवत नाही. हे कृषी विद्यापीठाचा माणूस सांगेल, खरपुडीच्या किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातला माणूस सांगेल. पण तो गावात पोहोचायच्या आत बाटली पोहोचते, कारण बाटलीला कमिशन असतं आणि सल्ल्याला नसतं.

आता कोकणाकडं बघू, कारण पुढची बाटली तिथून येणार आहे.

२०२० साली केंद्रानं २०,०५० कोटींची मत्स्य संपदा योजना आणली. त्यात ६४० कोटी शेवाळासाठी सांगितले, पाच वर्षांत ११ लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. देश त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये रामनाथपुरममध्ये १२७ कोटींच्या शेवाळ पार्कची पायाभरणी झाली. महाराष्ट्रालाही शाळेत शिकलेला ७२० किलोमीटरचा किनारा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात महिला बचत गटांना घेऊन प्रयोग झाले. बायांनी तराफे बांधले, फोटो निघाले, साहेब बोटीतून फिरून आले.

मी या उद्योगाच्या बाजूचा आहे. मासळी कमी होत चाललेल्या किनाऱ्यावर बाईच्या हातात स्वतःचा पैसा येत असेल तर यायलाच हवा. पण दोन अडचणी स्पष्ट बोलायला हव्यात. एक, कोकणातला पाऊस. चार महिने समुद्र खवळलेला, नद्यांचं गोडं पाणी खाडीत, खारटपणा उतरतो. तराफा टिकत नाही, शेवाळ टिकत नाही. दर वर्षी दिवाळीच्या आसपास नव्यानं बियाणं आणायचं. ते कोण देणार, उधार की फुकट, हे आधी ठरवा. दोन, कप्पाफायकस परकं आहे. मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळावर चढून बसल्याचं शास्त्रज्ञांनी २००८ साली नोंदवलंय. मालवणला प्रवाळ आहे. तिथं पर्यटकांचं पोट आणि मच्छीमारांचं पोट त्याच प्रवाळावर आहे. गाजरगवत कसं आलं आणि कसं राहिलं, हे मराठवाड्याला विचारा.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी. तराफा बाईचा, पण गाळप कुणाचं? शेवाळ ओलं विकलं तर पैसा नाही, सुकं विकलं तर थोडा आहे, रस काढून विकला तर खरा आहे. रस काढायला अवघड यंत्रं लागत नाहीत, पण विकायला नोंदणी लागते, चाचण्या लागतात, त्यांचा खर्च लागतो. तो बचत गटाला झेपत नाही. म्हणजे आपण मागितलेल्या कडक नियमांचा फायदा शेवटी मोठ्यांनाच व्हायचा, आणि कोकणातल्या बाया कच्चा माल पुरवणाऱ्या मजूर म्हणून राहायच्या. नियम सैल करा असं मी म्हणणार नाही, कारण सैल नियमांची तीस हजार फळं आपण चाखली आहेत. नियम कडकच ठेवा, पण बचत गटांच्या संघाच्या चाचण्यांचा खर्च सरकारनं करावा. दापोलीचं विद्यापीठ तिकडं आहे, परभणीचं इकडं आहे. एकानं शेवाळ बघावं, दुसऱ्यानं ते सोयाबीन-मोसंबीवर बघावं. परवानगी मिळालेला माल आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी थेट घ्यावा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिच्या बागायतदारांना रत्नागिरीच्या बायांशी थेट व्यवहार करता येणार नाही, असं काही देवानं लिहून ठेवलेलं नाही.

'पत्रकार आहात, शेती कधी केली?' हा शेरा येणार हे ठाऊक आहे. 'आम्हाला रिझल्ट मिळाला' असं सांगणारेही येतील. मिळाला असेल, आनंद आहे. ज्याला मिळाला त्यानं स्वतःहून परत घ्यावी. चांगल्या मालाला डीएपीच्या शेपटीला बांधून यायची वेळ का यावी? ज्या दिवशी शेवाळाची बाटली एकटी, स्वतःच्या पायावर, नाव-गाव-प्रमाण सांगत काउंटरवर उभी राहील, त्या दिवशी तिची जाहिरात मी फुकट करीन.

तोवर मागण्या साध्या आहेत :

१) प्रत्येक तालुक्यात मंजूर जैव उत्तेजकांची यादी, कुठल्या पिकासाठी मंजूर ते लिहून, मराठीत आणि मोठ्या अक्षरात दुकानाच्या दारावर लावा. यादी कृषी कार्यालयाच्या कपाटात ठेवू नका.

२) बाटलीवर कोणतं शेवाळ, कुठून आलं, अर्क किती टक्के आणि पाण्यात किती टाकायचं हे मराठीत छापा.

३) लिंकिंगचा गुन्हा दुकानदारावर नोंदवला तर ज्या गाडीतून पेट्या उतरल्या तिच्या मालकाचं आणि कंपनीचं नाव त्याच गुन्ह्यात घ्या.

४) जून २०२५ नंतर ज्या उत्पादनांची परवानगी संपली त्यांचा उरलेला साठा जिल्ह्यात किती होता, किती जप्त केला, किती परत गेला, हे जिल्हा कृषी अधीक्षकांनी जाहीर करावं. हा प्रश्न मी माहिती अधिकारात टाकतोय.

५) कोकणातल्या बचत गटांना तराफ्यासोबत गाळपाचा आणि विक्रीचा हक्क द्या.

आणि आपलं काम. दुकानात 'सोबत हे घ्यावं लागेल' म्हटलं की एवढंच म्हणा, 'देता ते पक्क्या बिलावर लिहून द्या.' भांडू नका, ओरडू नका. गोणी आणि बाटली एका बिलावर लिहायला सांगा, बॅच नंबरसकट. बहुतेक वेळा बाटली फळीवर परत जाते. नाही गेली तर त्या बिलाचा फोटो मला पाठवा. तुमचं नाव झाकून छापीन, हा शब्द आहे. मागच्या हंगामातली बिलं असतील तर तीही चालतील. आठही तालुक्यांतून आली पाहिजेत, म्हणजे 'तुरळक प्रकार आहेत' असं उत्तर कुणाला देता येणार नाही.